तिसऱ्या ओळीचा सूर

रत्नमाला बोर्डे गेली आणि आमच्या चर्चमधला पियानो गप्प झाला. वाजवणारं दुसरं कुणी नव्हतंच असं नाही. पाळकसाहेबांच्या सुनेनं काही रविवार वाजवून पाहिला. पण ती वाजवू लागली की गाणारे आणि पियानो यांची शर्यत लागायची आणि गाणारे हरायचे. शेवटी तिनंच हात टेकले. मग आम्ही पेटीवर भागवू लागलो.

मी शांतवन उजगरे. नगरच्या कॉलेजात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे आणि रविवारी उपासनेत खालच्या सुरात गातो. माझा आवाज लोक सहन करतात, कारण माझ्या शेजारी थिओफिलस बोर्डे उभा असतो. थिओ म्हणजे रत्नमालेचा नवरा. मिशनच्या कारखान्यात त्यानं पिढ्यान् पिढ्या पोरांना सुतारकाम शिकवलं. तो सगळा भुसा नाकावाटे आत गेला आणि आता त्याची फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणतात. त्यावर औषध नाही. तरी आमच्यात गाणं उचलायचं ते थिओनंच. त्यानं ओळ धरायची आणि आम्ही मागून यायचं, हा शिरस्ता.

आणखी एक रीत आहे आमच्याकडे. माणूस गेल्यावर वर्षानं स्मरणाची उपासना होते. तिथे गेलेल्याचं आवडतं गीत गातात, आणि त्याचं शेवटचं कडवं घरच्या माणसानं एकट्यानं उचलायचं असतं. कुणी रडतं, कुणाचा सूर जातो, पण उचलतात. न उचलणं म्हणजे गेलेल्याला दारातूनच परत पाठवल्यासारखं. रत्नाच्या वर्षाला हे काम थिओचं होतं, आणि थिओला तर आता चर्चच्या पायऱ्या चढतानाही मध्ये थांबावं लागायचं.

"जमेल का रे?" मी एकदा त्याला विचारलं.

"न जमायला काय झालं? रत्ना पियानोवर असली की जमतंच," तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

त्यांची मुलगी शेरॉन पुण्याहून आली ती याच सुमारास. तेव्हा पुणे-नगर रस्त्यावर बिनड्रायव्हरच्या गाड्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. त्यातल्या एका गाडीतून ती उतरली. बरोबर तीन खोकी होती, आणि चेहऱ्यावर कुणालातरी काहीतरी द्यायला आल्याचा आनंद.

"काका, मी आईला घेऊन आलेय," ती म्हणाली.

मला ते बोलणं आवडलं नाही. पण पोरगी हुशार, आणि आई जाऊन वर्षही झालेलं नाही. मी एक खोकं उचललं.

शेरॉननं काय केलं होतं ते कळायला पियानो आतून थोडा माहीत असावा लागतो. पट्टी दाबली की आत एक तरफ उचलली जाते आणि लोकरीच्या नमद्यानं मढवलेली हातोडी तारेकडे फेकली जाते. फेकली जाते, हे ध्यानात ठेवा. तारेला भिडण्याच्या किंचित आधी पट्टीचा आणि हातोडीचा संबंध तुटतो. बोटातून सुटलेल्या गोटीसारखी हातोडी पुढचं अंतर एकटीच जाते. त्यानंतर वाजवणाऱ्यानं पट्टी कितीही कुरवाळली तरी त्या ठोक्यात बदल होत नाही. म्हणजे वाजवणाऱ्याचं प्रेम, राग, भक्ती, जे काही असेल ते सगळं दोनच गोष्टींत मावतं. एक, हातोडी किती वेगानं सुटली. दोन, पट्टी कधी दाबली आणि कधी सोडली. वेग मोजता येतो, वेळही मोजता येते.

शेरॉननं ते मोजलं होतं. फार वर्षांपूर्वी, शिकत असतानाच, तिनं चर्चच्या पियानोत प्रत्येक हातोडीशेजारी तांदळाच्या दाण्याएवढं एक मोजमापाचं यंत्र बसवलं होतं, आणि आवाज टिपायला मागच्या बाजूला एक बारीक माइक. रत्नानं तेव्हा विचारलं होतं, "माझ्या चुकापण मोजणार का गं?" आणि शेरॉन म्हणाली होती, "चुका तर आधी." त्या मोजमापातून पुढे तिच्या कंपनीनं जे उपकरण काढलं त्याचं नाव 'हस्तप्रत'. माणसाचं पुरेसं वाजवणं साठलं की हे उपकरण त्याचा हात शिकतं आणि पट्ट्यांखालच्या चुंबकांनी तसंच वाजवतं. ठेवलेलं गाणं पुन्हा वाजवणं वेगळं. हे नवं गीतही वाजवी, आणि त्या माणसानं वाजवलं असतं तसं वाजवी. पुण्या-मुंबईत एव्हाना कितीतरी दिवाणखान्यांतून गेलेल्यांचे हात वाजत होते. एका लग्नात म्हणे नवरीच्या वारलेल्या वडिलांनी सगळी वरात आत येईपर्यंत वाजवलं, आणि मग कुणी जेवलंच नाही.

सगळ्यात पहिला हात रत्नाचा, आणि तो अजून तिच्याच पियानोवर वाजायचा राहिला होता.

चार दिवस शेरॉन चर्चमध्ये खपली. मंडळीतल्या बायकांनी पियानोचं लाकूड तेलपाण्यानं पुसून काढलं. तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात त्या प्रत्येक खुंटीवर शेरॉननं एकेक इवलीशी मोटर बसवली. त्या मोटरा सूर स्वतः लावतात आणि हवापाण्यानं उतरला तर पुन्हा चढवतात.

"काका, किती बेसूर झाला होता हा!" ती मला म्हणाली. "मधल्या काही पट्ट्यांच्या तारा एकमेकींशी जुळतच नव्हत्या. आई कशी काय वाजवायची यावर?"

"नगरमध्ये पियानोचा कारागीर कुठून आणायचा?" मी म्हणालो. "ती स्वतःच खुंट्या पिळायची किल्ली घेऊन करायची काहीतरी शनिवारी."

"आता केसाइतकाही फरक नाही," शेरॉन म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. आईच्या पियानोला तिनं आयुष्यात पहिल्यांदा न्याय मिळवून दिला होता, असं तिला वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

स्मरणाच्या उपासनेला अजून अवकाश होता, तरी त्या रविवारी चर्च भरलं. गीत रत्नाचं आवडतं, आमच्याच एका जुन्या पाळकांनी रचलेलं, 'वाट थोडी राहिली'. पियानोसमोरचं स्टूल रिकामं होतं. पट्ट्या आपोआप खाली गेल्या आणि पहिल्याच सुराला मागच्या बाकांवरून हुंदका आला. ती रत्नाच होती. डावा हात जरासा आधी, उजवा जरासा मागून, दुसऱ्या ओळीत ती जे एक पाऊल हळू टाकायची तेसुद्धा. विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, पण त्या क्षणी मी स्टुलाकडे बघायचं टाळलं.

थिओनं ओळ धरली. पहिली नीट गेली, दुसरी नीट गेली. या गीतात तिसरी ओळ एका लांब सुरावर थांबते आणि चौथी एकदम वर उचलावी लागते. तिथे श्वास भरून घ्यावा लागतो. थिओनं तिसरी ओळ संपवली, छाती वर केली, आणि त्याचा श्वास अर्ध्यावर असतानाच पियानो पुढे निघाला. आम्ही सगळे पियानोबरोबर गेलो. थिओ मागे राहिला.

दुसऱ्या कडव्याला तेच. तिसऱ्या कडव्याला त्यानं पुस्तक मिटलं, बाकाला धरत धरत बाहेर गेला आणि उन्हात उभा राहिला. आत त्याच्या बायकोचा हात वाजत होता आणि आम्ही त्याच्याशिवाय गात होतो.

दुपारी मी त्याच्या घरी गेलो. शेरॉन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे डोळे लाल होते.

"बाबा, यंत्रात चूक नाही," ती सांगत होती. "मी परत परत तपासलं. आई पुढची ओळ कधी धरायची ते यंत्र तिच्याकडूनच शिकलंय. आधीचा सूर ऐकायचा, तो अमुक इतका मंद झाला की पुढे जायचं. आई दर वेळी असंच करायची. इतक्या वर्षांत एकदाही वेगळं नाही."

"मी कुठे म्हणतोय यंत्र चुकलं?" थिओ खाली बघत म्हणाला. त्याला एकेका वाक्याला थांबावं लागत होतं. "यंत्र खरं बोलतंय. मीच चुकीचं समजत होतो."

"काय समजत होता?" मी विचारलं.

"मला वाटायचं, रत्ना माझ्यासाठी थांबते. दम कमी झाला तसं मला ते जाणवायला लागलं. मी श्वास घ्यायचो आणि ती बरोबर त्यानंतरच पुढची ओळ धरायची. आम्ही कधी त्यावर बोललो नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असल्या गोष्टी काय बोलायच्या? पण मी त्याच्यावर जगत होतो, शांतवन." त्यानं धाप आवरली. "आता पोरगी मोजून सांगते, ती सुरासाठी थांबायची. माझ्यासाठी नाही."

माणसाकडून त्याचं घर काढून घेतलं तर आपण काहीतरी बोलू शकतो. पण ज्या समजुतीवर तो जगत होता तीच मोजमापानं काढून घेतली तर काय बोलणार?

"वर्षाच्या उपासनेला यंत्र वाजव," थिओ शेरॉनला म्हणाला. "मी येणार नाही. शेवटचं कडवं तू उचल."

संध्याकाळच्या आत मी शेरॉनला घेऊन चर्चमध्ये गेलो. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं. थिओच्या बोलण्यातलं काहीतरी मला खुपत होतं. इतकी वर्षं त्याचा श्वास आणि तिचा हात बरोबर जुळत आला, तर तो आजच का तुटावा? हात तर तोच होता.

"शेरॉन, तिसऱ्या ओळीचा तो शेवटचा सूर वाजव. नुसता एकच. आणि पट्टी धरून ठेव."

तिनं वाजवला. सुरेख, स्वच्छ सूर आला, आणि पटकन विझला.

"इतक्या लवकर?" मी म्हणालो. "तुझ्या आईचा सूर तर छताला टेकून खाली यायचा."

शेरॉननं माझ्याकडे पाहिलं. मग पट्टी पुन्हा दाबली. मग पुन्हा. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आम्ही दोघांनीही एकाच वेळी तेच आठवलं असणार, कारण ही गोष्ट मी वर्गात दर वर्षी शिकवत होतो.

पियानोच्या मधल्या प्रत्येक सुराला एक तार नसते, तीन असतात. हातोडी तिघींना एकदम मारते. तारा स्वतः फार कमी आवाज करतात. त्या ज्यावर टेकतात त्या लाकडाच्या घोडीला हलवतात, घोडी मागच्या मोठ्या फळीला हलवते, आणि तो सगळा आवाज फळीचा असतो. आता तिन्ही तारा अगदी तंतोतंत जुळलेल्या असल्या तर तिघी एकदम वर, एकदम खाली, मिळून घोडीला ढकलतात. तिघींची शक्ती झपाट्यानं फळीत जाते. सूर मोठा येतो आणि लवकर संपतो. पण एखाद्या तारेला केसाच्या टोकाएवढं सैल ठेवलं तर थोड्याच वेळात त्या आपसांत मागेपुढे होतात. एक घोडी वर ढकलते तेव्हा दुसरी खाली ओढते. घोडी जवळजवळ स्थिर राहते, शक्ती तारांमध्येच अडकून पडते आणि हळूहळू झिरपत बाहेर येते. मोठा आवाज ओसरल्यावर मागे एक मंद, लांब सूर उरतो. जास्त सैल केलं तर सूर डगमगू लागतो, कानाला टोचतो. जुळण्याच्या आणि टोचण्याच्या मध्ये एक फार अरुंद जागा आहे, आणि सूर जास्तीत जास्त जगतो तो तिथे.

"कुठल्या पट्ट्या बेसूर होत्या म्हणालीस?" मी विचारलं.

सूर लावण्याआधी यंत्रानं जुनी स्थिती मोजून ठेवली होती. शेरॉननं पडद्यावर ती काढली. बेसूर पट्ट्या मोजक्याच होत्या, सगळ्या मधल्या. आम्ही एकेक वाजवत गेलो आणि तोंडानं गीतं गुणगुणत गेलो. प्रत्येक पट्टी कुठल्या ना कुठल्या गीतातल्या श्वासाच्या आधीची निघाली. शेजारच्या पट्ट्या, ज्यांच्यावर कुणाला श्वास घ्यावा लागत नाही, त्या बऱ्याच नीट होत्या.

"गंज असा निवडून खात नाही," मी म्हणालो.

शेरॉन स्टुलावर बसली. आईच्या हाताची सगळी वर्षं तिच्याजवळ होती. तिनं फक्त त्या सुरांचा काळ काढला. रत्ना ते सूर वर्षागणिक जास्त वेळ धरत गेली होती, थिओचा दम कमी होत गेला तसतसा. पण पुढची ओळ ती कायम सूर मंद झाल्यावरच धरायची. म्हणजे यंत्र बरोबर शिकलं होतं. ती सुरासाठीच थांबत होती. आणि सूर तिनं शनिवारी किल्ली घेऊन थिओच्या श्वासाएवढा लांब करून ठेवला होता.

"मला म्हणायची, पियानोला तेल देऊन येते," शेरॉन म्हणाली. "मी हसायचे. पियानोला कुणी तेल देतं का म्हणून." आणि ती रडायला लागली. "काका, ते मी पुसून टाकलं. न्याय द्यायला निघाले आणि पुसून टाकलं."

"मोजून ठेवलंयस ना? मग परत लाव," मी म्हणालो. त्या वेळी एवढंच काय ते मला शहाणपणाचं सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही थिओला रिक्षात घालून चर्चमध्ये आणलं. तो कुरकुरत आला. त्याला पहिल्या बाकावर बसवून शेरॉननं आधी तंतोतंत लावलेला सूर वाजवला. मग मोटरा फिरल्या, फिरल्यासारख्या दिसल्याही नाहीत, आणि तिनं तोच सूर पुन्हा वाजवला.

या वेळी सूर टिकला तो टिकलाच. मोठा आवाज ओसरला आणि त्याच्या आतून दुसरा निघाला, बारीक, संथ, आणि तो चर्चभर राहिला. थिओची छाती आपसूक वर झाली. त्यानं पूर्ण श्वास घेतला आणि तरीही सूर थोडा उरला होता.

शेरॉननं त्याला सगळं सांगितलं. तारा, घोडी, शनिवार. सुतार माणूस, घोडी आणि फळी म्हटल्यावर त्याला समजायला वेळ लागला नाही.

"मला सांगायचं ना तिनं," तो शेवटी म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" मी विचारलं.

"गाणं सोडलं असतं. माझ्यासाठी अख्खी मंडळी अडवून धरायची म्हणजे काय?"

"म्हणून नाही सांगितलं."

तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबली तरी त्यानं तोंडावरचा रुमाल काढला नाही. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

स्मरणाच्या उपासनेला मंडळी लवकरच जमली. रत्नाचा हात पुन्हा ऐकायला मिळणार म्हणून तालुक्यातूनही लोक आले होते, आणि शेरॉनच्या कंपनीची दोन माणसं मागे कॅमेरा लावून बसली होती. गीताची वेळ आली तेव्हा शेरॉन उठली, पियानोच्या बाजूचं यंत्र बंद केलं आणि स्वतः स्टुलावर बसली. मागे कुजबुज झाली. ती लहानपणी थोडंफार शिकली होती, एवढंच. आदल्या दिवशी मी तिला म्हणालो होतो की आता सूर परत जागेवर आहेत, यंत्रही नीट थांबेल. मग तू कशाला त्रास घेतेस? त्यावर ती म्हणाली होती, "आईला बाबांचा गेल्या वर्षीचा श्वास माहीत आहे, काका. यंदाचा माहीत नाही."

ती वाईट वाजवत होती. बोटं अडखळत होती, डावा हात दोनदा चुकला. पण पाळकांच्या सुनेसारखी पळत नव्हती. शेवटचं कडवं आलं आणि आम्ही सगळे गप्प झालो. थिओ उभा राहिला. मी त्याच्या कोपराला हात लावला, त्यानं तो सोडवून घेतला.

पहिली ओळ त्यानं उचलली. आवाज पातळ झाला होता, पण सुरात होता. दुसरी. तिसरी. तिसऱ्या ओळीचा सूर पियानोतून निघाला आणि राहिला, रत्नानं बांधून ठेवला होता तसाच. थिओनं श्वास घ्यायला सुरुवात केली. तो अर्ध्यावर अडकला. त्यानं पुन्हा घेतला. सूर बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि संपला. तिथे यंत्र पुढे गेलं असतं. तिथे रत्नासुद्धा पुढे गेली असती, कारण तिला हे ठाऊक नव्हतं.

शेरॉन हलली नाही. पट्टीवरचं बोट तसंच ठेवून ती मान वळवून बापाच्या छातीकडे बघत राहिली. चर्चमध्ये काही वाजत नव्हतं. कुणी खाकरलं नाही, कुणी पुढची ओळ धरली नाही. मी आयुष्यभर मंडळीत गातोय, पण मंडळी अशी थांबलेली कधी पाहिली नव्हती. मग थिओनं चौथी ओळ धरली आणि पियानो त्याच्या मागून आला, आणि त्यांच्या मागून आम्ही आलो.

उपासना संपल्यावर लोक थिओचे हात हातात घेत होते. कंपनीच्या माणसांना शेरॉन दारात काहीतरी समजावत होती. ते खूश दिसत नव्हते. गर्दी ओसरल्यावर थिओ पियानोपाशी गेला. त्यानं कोटाच्या खिशातून रत्नाची किल्ली काढली. लाकडी मुठीची, त्यानंच तिला करून दिलेली.

"शेरॉन, इकडे ये," त्यानं हाक मारली. "त्या मोटरा काढून टाक. आणि शनिवारी येत जा, जमेल तेव्हा."

"कशाला, बाबा?"

त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"तिसऱ्या ओळीचा सूर आणखी थोडा सैल करावा लागेल."

किती सैल करता येतो त्याला मर्यादा आहे, हे मला माहीत होतं आणि तिलाही. तिनं मूठ मिटली आणि म्हणाली, "हो बाबा, करते."